आडनाव खोडू नकोस

मुलुंड (पूर्व)

प्रिय चिऊ,


परवा रात्री तू फोन केलास तेव्हा अंधेरी स्टेशनच्या पुलावर होतीस. गर्दीच्या आवाजात निम्मं बोलणं विरून गेलं, पण मुख्य गोष्ट कळली. तुमच्या कंपनीने एका मराठी सिनेमाचे हिंदी रिमेकचे हक्क घेतलेत, लिहिणाऱ्या चौघांत तू एक आहेस, आणि पहिल्याच बैठकीत वरून निरोप आला की गोष्ट उत्तम आहे, फक्त जातीचा भाग जरा हलका करा, सगळ्यांना चालेल असं काहीतरी करा. तू विचारलंस, "मावशी, मी काय करू?" पुलावर उभ्या असलेल्या माणसाला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून बसून लिहिते आहे. कंपनीचं नाव या पत्रात घेत नाही. तुझी नोकरी आहे, आणि हा निरोप काही एकाच ऑफिसात दिला जातो असंही नाही.

आपल्या डोळ्यांसमोर घडलेलं उदाहरण 'सैराट' आणि 'धडक'चं. तू तेव्हा कॉलेजात होतीस, दोन्ही पाहिले आहेस. तरी माझ्या नजरेने एकदा पुन्हा बघ.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ला आला. चारेक कोटींत झालेला सिनेमा, नायक-नायिका दोघंही नवखी, बोली करमाळ्याकडची आणि शेवट असा की थिएटरातून बाहेर पडताना माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. धंद्याच्या कुठल्याच आडाख्यात हे बसत नव्हतं. त्याच्या आदल्याच वर्षी राज्य सरकारला मल्टिप्लेक्सवाल्यांना सांगावं लागलं होतं की दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी सिनेमाचा निदान एक खेळ लावा. आपल्या मुलुंड-घाटकोपरच्या मॉलमध्ये मराठी सिनेमा बघायचा तर सकाळी लवकर डबा करून निघावं लागायचं, नाहीतर रात्रीच्या शेवटच्या खेळाला जाऊन रिक्षा शोधत परतावं लागायचं. त्याच पडद्यांवर 'सैराट' दिवसभर चालला आणि शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी सिनेमा ठरला. त्या गर्दीत सगळ्या जातींची माणसं होती. सगळ्यांना चाललेला सिनेमा तोच होता, आणि त्यात जात पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत होती.

कुठे होती, ते मात्र नीट बघायला हवं. दिग्दर्शक नागराज मंजुळ्यांनी कुणाला उभं करून जातीवर भाषण द्यायला लावलेलं नाही. नायिका आर्चीच्या बापाचा ऊस, त्याची माणसं, त्याचं राजकारण आणि तिच्या हातातली बुलेट एका बाजूला, मासे धरून जगणारं नायक परश्याचं घर दुसऱ्या बाजूला. दोघं एकाच कॉलेजात जातात, एकाच विहिरीपाशी भेटतात. मला सगळ्यात जास्त लागतो तो वर्गातला प्रसंग. लोखंडे सर शिकवत असतात, आर्चीचा भाऊ प्रिन्स फोनवर बोलत आत येतो, सर हटकतात आणि तो त्यांच्या कानाखाली वाजवतो. सर नवीन असतात, आपण कुणाला हटकलं हे त्यांना ठाऊक नसतं. पुढे पस्तावायची पाळी मारणाऱ्यावर येत नाही. मी बत्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई, त्यामुळे असेल, पण त्या थपडेचा आवाज अजून कानात आहे. तो प्रसंग दोनेक मिनिटांचा आहे आणि पुढच्या खुनाची सगळी तयारी त्यात झालेली आहे. सरांचं आडनाव लोखंडे आहे, त्यातून जात सुचते, म्हणून ती थप्पड तशी बसते. ते आडनाव काढ, मग एका मस्तवाल पोराने मास्तरला मारल्याचा साधा प्रसंग उरतो.

हा सिनेमा हवेतून आला नव्हता. २८ एप्रिल २०१४ला, म्हणजे 'सैराट'च्या आधी दोन वर्षं आणि एक दिवस, नगर जिल्ह्यात खर्ड्याला १७ वर्षांच्या एका दलित मुलाला मारून टाकलं होतं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढा त्याचा गुन्हा सांगितला गेला. नोव्हेंबर २०१७मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. त्यानंतर आठ महिन्यांनी, २० जुलै २०१८ला, 'धडक' आला.

'सैराट'मागे झी स्टुडिओज होतं, 'धडक' त्याच झीने धर्मा प्रॉडक्शन्सबरोबर केला. दिग्दर्शक शशांक खेतान. गाव उदयपूर झालं, तळी आणि महाल आले, पळून जायचं शहर हैदराबादऐवजी कोलकाता झालं. हे बदल चालतात. गोष्ट एका मातीतून दुसऱ्या मातीत न्यायची तर गाव बदलणारच, आणि राजस्थानात जातीची गोष्ट सांगायला जागा काय कमी आहे? पण मुलाचं घर तळ्याकाठी रेस्टॉरंट चालवणारं, नीटनेटकं, खाऊन-पिऊन सुखी. मुलीकडचे लोक वरच्या जातीचे आहेत, असं एखादं वाक्य मुलाच्या बापाच्या तोंडी येऊन जातं आणि विषय संपतो. उरतो तो मुलीचा राजकारणी बाप आणि त्याची इज्जत.

शेवटही बदलला. मूळ शेवटात आर्ची-परश्या दोघंही जातात आणि शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लहान मूल परत येतं, रक्तातून चालत बाहेर पडतं. 'धडक'मध्ये नवरा आणि मूल वरून खाली फेकले जातात, नायिका वाचते आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर येतो. तो जान्हवी कपूरचा पहिला सिनेमा होता, तिची आई श्रीदेवी जाऊन पाचच महिने झाले होते, सगळ्यांचं लक्ष त्या मुलीकडे होतं. तिच्याबद्दल मला एक अक्षर वावगं बोलायचं नाही. पण शेवटची चौकट कुणाला द्यायची हे ठरवताना त्या खोलीत काय बोलणं झालं असेल, याचा अंदाज आता तू त्या धंद्यात आहेस म्हणून तुलाही करता येईल.

माझ्या शाळेतलं तुला सांगते. माझी शाळा घाटकोपरची, वर्गातली बरीच मुलं रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगरमधून यायची. जून २०१६मध्ये शाळा उघडली तेव्हा मधल्या सुट्टीत बाक वाजवून 'सैराट'मधलं 'झिंगाट' चालायचं, मी दोन-तीनदा रागावलेही. एके दिवशी रागवायचं सोडून नववीच्या वर्गात विचारलं, सिनेमा संपला, त्या बाळाचं पुढे काय होईल? मुलं पटापट बोलायला लागली. शेजारीण सांभाळेल, अनाथाश्रमात जाईल, मोठा होऊन सूड घेईल. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही, म्हणाली, "बाई, त्याच्या दाखल्यावर जात कुठली लावणार?" वर्ग गप्प झाला. चौदा वर्षांच्या त्या पोरीने सिनेमाचा गाभा हातात धरला होता.

दोन वर्षांनी त्याच तुकडीतला एक मुलगा मला स्टेशनवर भेटला, कॉलेजात जायला लागला होता. त्याने 'धडक' पाहिला होता. मी विचारलं, कसा वाटला? म्हणाला, "बाई, गाणी भारी आहेत. पण ते त्याला मारतात कशाला तेच कळलं नाही." इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्या वर्तमानपत्रात वाचली नाही. ज्या कारणासाठी खून होतो ते कारणच कथेतून काढून घेतलं, की खून उरतो आणि अर्थ जातो.

आता पैशाचं. धंद्याला शिव्या देऊन तुझा प्रश्न सुटणार नाही, म्हणून तो हिशेब आधी समजून घेऊ. रिमेक करणारा माणूस गोष्ट विकत घेतोच, शिवाय चाचणीचा निकाल विकत घेतो. एका भाषेत लोकांनी तिकीट काढलं, रडले, नाचले, गाणी तोंडी बसली, हे सगळं दुसऱ्या कुणाच्या खर्चाने आधीच तपासून झालेलं असतं. 'सैराट'चं तसंच झालं. कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' आला, त्यात तर 'सैराट'ची नायिका रिंकू राजगुरूच पुन्हा उभी राहिली. पंजाबीत 'चन्ना मेरेया', ओडियात 'लैला ओ लैला', बंगालीत 'नूर जहाँ'. हिंदीत आला तेव्हा संगीतकार अजय-अतुलच्या चालीही बरोबर आल्या. एवढा भरवशाचा माल हातात आल्यावर पैसे घालणाऱ्याला एकच भीती उरते, कुणी नाराज तर होणार नाही ना? मग नाराज करू शकेल असं जे जे असेल त्यावर लाल पेन फिरतं. 'सैराट'वर इथे नाराज झालेले होतेच, आमच्या जातीला बदनाम केलं म्हणून चिडलेले. हिंदीत त्याच्या दसपट माणसं चिडली तर काय, हा त्यांचा प्रश्न त्यांच्या जागेवरून खरा आहे.

आणि आकडे माझ्या बाजूने साक्ष देतील असंही समजू नकोस. 'धडक'चा जगभरातला गल्लाही शंभर कोटींच्या पुढे गेल्याचं सांगितलं गेलं. म्हणजे जात काढून पैसे बुडाले नाहीत. उलट मंजुळ्यांनीच २०२२मध्ये हिंदीत 'झुंड' केला, अमिताभ बच्चन घेऊन केला, नागपूरच्या वस्तीतली पोरं खरीखुरी ठेवली, बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक पडद्यावर आणली. हिंदी पडद्यावर तसं दृश्य मी आधी पाहिलं नव्हतं. तरी त्या सिनेमाला 'सैराट'सारखी गर्दी झाली नाही. तेव्हा उद्या तुमच्या बैठकीत तू "जात ठेवली की सिनेमा चालतो" असा दावा केलास तर समोरचा तुला तिथेच गप्प करेल. तो दावा करूच नकोस. तुझं म्हणणं पैशाच्या आधाराशिवाय उभं राहायला हवं, आणि राहतं. काय चालेल हे कुणालाच आधी कळत नसेल, तर न कळणाऱ्या गोष्टीच्या नावाखाली कुणाचं जगणं खोडायचा हक्क कुणाला मिळत नाही.

तू म्हणालीस की तुमचा वरिष्ठ सारखी हॉलिवूडची उदाहरणं देतो. तिकडे रिमेकमध्ये सगळ्या वर्णांची माणसं घुसवली आणि प्रेक्षक कसे उखडले बघा, म्हणून आपण या भानगडीत पडायला नको, असं. ही उदाहरणं त्याने अर्धीच सांगितली.

डिस्नेने २०२३मध्ये 'लिटल मर्मेड' नव्याने काढला, त्यात एरियलचं काम हॅली बेली या कृष्णवर्णीय मुलीला दिलं. आदल्या वर्षी नुसता टीझर आला तरी जगभरातून लोक तुटून पडले. समुद्राच्या तळाशी राहणारी, कमरेखाली मासा असलेली मुलगी काळी कशी, हा त्यांचा आक्षेप. त्याच आठवड्यात काळ्या आयांनी आपल्या लहान मुलींचे व्हिडिओ टाकले. टीव्हीवर एरियलचा चेहरा दिसल्यावर तीन-चार वर्षांच्या पोरी डोळे मोठे करून आईकडे वळून म्हणतात, ती माझ्यासारखी आहे. ते बघताना मला माझ्या मागच्या बाकावरची ती मुलगी आठवली. तिला पडद्यावर तिच्यासारखं कोण दिसलं असेल आजवर?

पण डिस्नेला संत समजायचंही कारण नाही. २०१९मधला त्यांचा 'लायन किंग' जुन्याच सिनेमाची चौकटीमागून चौकट नवी करून १६० कोटी डॉलरच्या पुढे गेला. जुनं पुन्हा विकण्याचा तो कारखाना आहे, आणि काळी एरियल हासुद्धा त्या कारखान्याचा एक हिशेब होता, नवं गिऱ्हाईक जोडण्याचा. २०२५मध्ये अमेरिकेतलं राजकीय वारं बदललं तसं डिस्नेने आपल्या वैविध्याच्या धोरणांना कात्री लावली. त्याच वर्षी 'स्नो व्हाइट' आपटला, पंचवीस कोटी डॉलरच्या आसपास खर्च केलेला सिनेमा वीस कोटींच्या थोडा पुढे जाऊन थांबला. त्यातली नायिका रेचल झेग्लर. तिच्या वर्णावरून, बोलण्यावरून तिची इतकी निंदा झाली की सिनेमाच्या सगळ्या अपयशाचं खापर त्या एका पोरीवर फुटलं. हीच रेचल २०२१मध्ये स्पीलबर्गच्या 'वेस्ट साइड स्टोरी'त होती, तोही रिमेकच. १९६१च्या मूळ सिनेमात पोर्तो रिकोच्या मारियाचं काम नॅटली वुड या गोऱ्या नटीने केलं होतं. स्पीलबर्गने ते दुरुस्त केलं, लॅटिन घरातली मुलगी घेतली आणि स्पॅनिश संवाद तसेच ठेवले, खाली इंग्रजी अक्षरं न देता. धंदा झाला नाही, सिनेमा मात्र मूळच्यापेक्षा खरा झाला.

उलट्या बाजूचंही घडलं आहे. २०१७च्या 'घोस्ट इन द शेल'मध्ये मूळ जपानी गोष्टीतल्या नायिकेच्या जागी स्कार्लेट जोहान्सन आली. प्रेक्षक चिडले, सिनेमा पडला आणि पॅरामाउंटच्या अधिकाऱ्याने उघड कबूल केलं की या निवडीवरची टीका आम्हाला भोवली. तुमच्या वरिष्ठाने हे उदाहरणही टेबलावर ठेवावं.

तेव्हा टीका-टीकेत फरक कर, चिऊ. एक प्रेक्षक म्हणतो, हा चेहरा माझ्या पडद्यावर नको. दुसरा म्हणतो, इथे एक माणूस होता, तो कुठे गेला? पहिल्याला माणसाचं असणं खुपतं, दुसऱ्याला त्याचं नसणं. तुमच्या ऑफिसात दोघांनाही ट्रोल म्हणून एकाच टोपलीत टाकतात, हे सोयीचं आहे आणि खोटं आहे. 'धडक' आल्यावर जातीचं काय केलंत असं विचारणारी माणसं शिवीगाळ करत नव्हती, आपल्या घरातला हरवलेला माणूस शोधत होती. अशा टीकेला उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर एकदा दिलंही गेलं.

'धडक २', १ ऑगस्ट २०२५. दिग्दर्शक शाझिया इक्बाल. मारी सेल्वराज यांच्या २०१८च्या 'परियेरुम पेरुमाळ' या तमिळ सिनेमाचा हा रिमेक, आणि निर्माते पुन्हा धर्माच. यात नायकाला आडनाव आहे, अहिरवार. लॉ कॉलेजात शिकणारा दलित मुलगा, आणि त्याला जे जे सोसावं लागतं ते जातीमुळेच, हे सिनेमा कुठे लपवत नाही. सात वर्षांत त्याच बॅनरखाली इथवर येणं ही लहान गोष्ट नाही, आणि मी ती प्रेक्षकांच्या टीकेच्या खात्यावर जमा करते. सेन्सॉर बोर्डाने १६ बदल करायला लावले, जातिवाचक शब्द बोथट केले, तरी सिनेमा उभा राहिला. गल्ला भरला नाही. पण एका गोष्टीवर टीका झाली आणि ती मला पटते. नायक झालेल्या सिद्धांत चतुर्वेदीला त्या कामासाठी सावळा रंग लावला होता. तुझ्या ऑफिसपासून आरामनगर किती लांब आहे? वर्सोव्याच्या त्या गल्ल्यांत रोज सकाळी शंभर-दीडशे मुलं हातात फोटो घेऊन, इस्त्रीचा शर्ट घामाने भिजू नये म्हणून सावली शोधत उभी असतात. बुलढाण्याहून, बस्तीहून, दरभंग्याहून आलेली. त्यातल्या कितीतरी मुलांना "तुझा लुक अपमार्केट नाही" असं सांगून परत पाठवतात. सावळ्या माणसाचं काम निघालं की गोरा माणूस रंगवून घेतात. गोष्टीत आडनाव ठेवलं आणि चेहरा मात्र उसना आणला, तर निम्मंच काम झालं.

आता त्या निरोपातलं दुसरं वाक्य, जे तू फोनवर दोनदा म्हणालीस: शहरातल्या प्रेक्षकाला जात कळत नाही, ती गावाकडची गोष्ट आहे. हे ऐकून मी खरोखर चिडले. घाटकोपरला पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेला रमाबाई नगर आहे. ११ जुलै १९९७ला सकाळी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसली, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि १० माणसं मेली. त्या दिवसापासून सुरू होणारा आनंद पटवर्धनांचा माहितीपट 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला १४ वर्षं लागली. तुमच्या अंधेरीहून मेट्रोत बसलं की थेट घाटकोपर. ज्या शहरात हे झालं, जिथे भाड्याने घर देताना अजून आडनाव विचारतात आणि स्वयंपाकात काय शिजतं ते विचारतात, तिथल्या प्रेक्षकाला जात कळत नाही म्हणायचं? कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना ती कळायची कधी गरज पडलेली नसते. आपल्या घराचंच बघ. आपल्याकडे जातीवर कधी बोलणं निघालं नाही. आपलं आडनाव सांगितलं की दार उघडायचं, म्हणून बोलायचं कारण पडलं नाही. तुमच्या बैठकीत चौघांचीही आडनावं अशीच दार उघडणारी असतील तर जात गावाकडची वाटणारच. बाकीचे तिघं कोण आहेत, हे मी विचारत नाही. तू मनात मोज.

रिमेक म्हणजेच पाप, असं मी म्हणत नाही. आपण सगळे ज्यावर पोट धरून हसतो तो 'अशी ही बनवाबनवी' रिमेकच आहे. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'वरून सचिन पिळगावकरांनी १९८८मध्ये केलेला. मूळ सिनेमा आज किती जणांना आठवतो? आणि 'बनवाबनवी'तल्या घरमालकाचं नाव विश्वास सरपोतदार, पुढे भेटणाऱ्या मालकीणबाईंचं लीलाबाई काळभोर. एक नाव ऐकलं की पेठेतला वाडा दिसतो, दुसरं ऐकलं की लोणीकडची जमीनजुमल्याची बाई. गोष्ट पुण्यात आणताना त्यांनी माणसांना पुण्याची आडनावं दिली, पुण्याचा कंजूषपणा दिला, जागेची चणचण दिली. गोष्ट उपरी राहिलीच नाही. नवी माती दिली की जुनं रोप जोमाने येतं. त्याच्या उलट 'मुळशी पॅटर्न'चं झालं. प्रवीण तरड्यांचा २०१८चा सिनेमा पुण्याभोवतीच्या जमिनी विकून देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याच्या पोराचा होता. २०२१मध्ये हिंदीत त्याचा 'अंतिम' होताना सलमान खान पोलिसाच्या कामात आला, पोलीस मोठा झाला आणि जमीन गेलेला बाप मागे सरकला.

म्हणून तुझ्या ड्राफ्टमध्ये गाव बदल, भाषा बदल, पेहराव बदल, गाणी बदल. हिंदी मुलखात जिथे कुठे नेशील तिथली जात शोध, ती तिथे आहेच. तिथल्या माणसांशी बोल, नुसत्या बातम्या वाचून लिहू नकोस. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांच्यातला एक तरी लेखक तुमच्या त्या खोलीत हवा, हे तू बैठकीत बोलून दाखव. नवखी आहेस, आवाज बसेल, तरी बोल. शाझिया इक्बालनाही कुणीतरी आधी नको म्हटलंच असेल. आणि पात्रांच्या यादीत पहिल्याच पानावर मुलाचं पूर्ण नाव लिही, बापाचा धंदा लिही, घर गावाच्या कुठल्या अंगाला आहे ते लिही. नंतर कुणाला ते काढायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या हाताने काढावं आणि कारण सर्वांसमोर सांगावं. तुझ्या हाताने ते निघता कामा नये.

नोकरी सोड असं मी सांगणार नाही. अंधेरीत भाडं किती आहे ते मला माहीत आहे, आणि तुझ्यासारखी मुलगी त्या खोलीतून उठून गेली तर तिथे प्रश्न विचारणारं एक माणूस कमी होईल. भांडून बस. हरलीस तरी बस. पण सिनेमा तुझ्या मनाविरुद्ध झाला तर मुलाखतीत जाऊन "आम्ही प्रेमाची गोष्ट सांगितली, जातीत कशाला पडायचं" असं म्हणू नकोस. तेवढं माझ्यासाठी कर.

मंगळवारी तुमचं नॅरेशन आहे म्हणालीस. रविवारी सकाळी इकडे ये, ड्राफ्ट घेऊन ये. आपण दोघी बसून तो पहिल्या पानापासून वाचू, आणि जिथे जिथे आडनाव गळलं असेल तिथे ते परत लिहू.

तुझी,
मावशी